निमॅटोडच्या रानात कलमी टोमॅटो लावला, त्याचा खरा हिशोब

काल कलमी आणि साध्या टोमॅटोच्या दोन्ही तुकड्यांतली तार-काठी सोडली, झाडं उपटली आणि आज लगेच लिहायला बसलोय, कारण मुळ्या अजून डोळ्यासमोर आहेत. फेब्रुवारीत रोपं आणल्यापासून गावातल्या, पाहुण्यांतल्या, मार्केटला भेटणाऱ्या कितीतरी जणांनी विचारलं की कलमी टोमॅटो, म्हणजे जंगली वांग्याच्या मुळीवर बांधलेला टोमॅटो, परवडतो का, दहा रुपयाचं एक रोप लावून वेगळं काय मिळतं. प्रत्येकाला फोनवर अर्धं अर्धं सांगितलंय, आता सगळं एकदाच सांगतो. रोपांबद्दल चांगलं पण सांगणार आहे आणि नर्सरीबद्दल जी तक्रार आहे ती पण, फक्त नर्सरीचं नाव लिहीत नाही.

रान आमचं जुन्नर तालुक्यात. हलकं, मुरमाड, वर थोडा पोयटा, कितीही पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी चालता येतं असा निचरा. टोमॅटोला असंच रान लागतं म्हणून नऊ वर्षं दरवर्षी टोमॅटो आणि मधे कधी काकडी, कधी मिरची, कधी भेंडी. नारायणगावचं मार्केट जवळ, कॅरेट भरलं की तासाभरात विकायला उभं, मग दुसरं पीक सुचतंच कशाला. पण निमॅटोडला, म्हणजे मुळीत शिरणाऱ्या बारीक किड्याला, सूत्रकृमीला, हेच हलकं रान सगळ्यात जास्त आवडतं, आणि काकडी, मिरची, भेंडी ही तिन्ही त्याचीच खाद्यं. आपण पीक बदललं असं आपल्याला वाटतं, पण मातीतल्याचं जेवण काही बदललेलं नसतं. हे आम्हाला कळायला सहा-सात वर्षं गेली.

सुरुवातीला दिसतं काय ते सांगतो कारण बरेच जण इथंच फसतात. तुकड्यात मधेच आठ-दहा झाडांचं एक ठिकाण खुजं राहतं. दुपारी बाराला झाडं माना टाकतात आणि संध्याकाळी परत ताठ. पाणी कमी पडलं म्हणून ठिबक अर्धा तास जास्त चालवलं, फरक नाही. पानं पिवळी, म्हणून मॅग्नेशियम सोडलं, मायक्रोन्यूट्रियंट सोडलं, ह्युमिक सोडलं. एकानं व्हायरस सांगितला, दुसऱ्यानं फेरस कमी सांगितलं. दोन सीझन असेच गेले, खताचं बिल वाढत गेलं आणि ठिकाणं मोठी होत गेली. शेवटी आण्णांनी चिडून एक झाड मुळासकट उपटलं आणि धुतलं, तर मुळ्यांवर सगळ्या गाठी, मण्यांची माळ असावी तशा. पाच मिनिटांचं काम होतं ते, दोन वर्षांत आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं. चवळी-भुईमुगाच्या मुळीवर पण गाठी असतात, पण त्या चांगल्या, नत्राच्या, बाजूला चिकटलेल्या, नखानं सहज निघतात आणि फोडल्या की आत गुलाबी दिसतात. ह्या गाठी निघत नाहीत कारण मुळीच स्वतः सुजलेली असते.

आत घडतं ते असं. अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्धा मिलीमीटर पण नसतं, डोळ्याला दिसत नाही. मातीतल्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरकत येतं, मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं आणि एका जागी कायमचं बसतं. तिथल्या चार-सहा पेशींना ते असं काही करतं की त्या फुगून राक्षसी होतात, आणि झाडानं केलेलं अन्न त्यांच्यातून ह्याला मिळत राहतं. मादी फुगून पेअरच्या आकाराची होते आणि चिकट जेलीसारख्या पिशवीत तीनशे-चारशे अंडी घालते. उन्हाळ्यात हे सगळं चक्र २५ ते ३० दिवसांत पूर्ण. टोमॅटोचं पीक चार महिन्यांचं धरा, म्हणजे एका लागणीत तीन-चार पिढ्या. पाणी वर न्यायच्या नळ्या वाकड्या-तिकड्या होतात म्हणून दुपारी झाड सुकतं, आणि मुळीला जखम झाली की मागून फ्युजॅरियम बुरशीची मर येते. आपण मर रोगाला बुरशीनाशक ओतत बसतो, पण दार उघडून दिलेलं असतं निमॅटोडनं.

औषधं आम्ही केली नाहीत असं नाही. फोरेट तर २०२० च्या शेवटापासून देशात बंदच आहे तरी अजून लोक दुकानात जाऊन मागतात, कृपा करून मागू नका, ते माणसालाच घातक होतं. कार्बोफ्युरानचे दाणे टाकले, नंतर नवीन लिक्विड, फ्लुओपायरम, ते ठिबकमधून सोडलं. फ्लुओपायरमनं काम केलं, खोटं बोलणार नाही, पहिला महिना-सव्वा महिना पांढरी मुळी सुंदर चालली, पण मुळी खोल गेली, औषधाचा जोर संपला आणि मे महिन्यात परत गाठी. पॅसिलोमायसिस नावाची मित्रबुरशी शेणखतात वाढवून निंबोळी पेंडीबरोबर टाकली, ती निमॅटोडची अंडी खाते. तिचा फायदा आहे पण तो दोन-तीन वर्षं सलग टाकल्यावर दिसतो, एका सीझनमध्ये चमत्कार होत नाही, आणि माती वाळली की बुरशी पण झोपते. आजही टाकतो, सोडलेली नाही.

आणि हो, बियाणं. दुकानदार म्हणतो ही व्हरायटी निमॅटोडला रेझिस्टंट आहे, आणि काही हायब्रिड खरंच असतात. त्यांच्यात एमआय नावाचा जीन असतो, जंगली टोमॅटोतून आणलेला, जगभर वापरतात. पण मातीचं तापमान २८ डिग्रीच्या वर गेलं की हा जीन कमजोर पडतो. आता आपल्याकडं एप्रिलमध्ये बेडवर हात ठेवून बघा, मल्चिंग पेपर असो नसो. म्हणजे ज्या महिन्यात किडा सगळ्यात जोरात असतो त्याच महिन्यात रोपाचं कवच ढिलं. हिवाळी लागणीला त्या व्हरायटीचा उपयोग होईल, उन्हाळीला भरवसा ठेवू नका. मी ठेवला होता, २०२३ ला. जुलैत नारायणगावला कॅरेट दोन हजारांच्या पुढं गेलं ते वर्ष. आमची झाडं जूनमध्येच बसलेली. मार्केटला गाड्यांची लाईन लागलेली आणि आमच्या रानात काड्या उभ्या. ते वर्ष घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

तिथून कलमाकडं वळलो. कलमी रोप म्हणजे खाली खुंट जंगली वांग्याचा आणि वर आपली नेहमीची टोमॅटोची व्हरायटी, दोन्ही तिरके कापून सिलिकॉनच्या छोट्या क्लिपनं जोडलेले. वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले म्हणून जोड लागते. जंगली वांग्याच्या मुळीत गाठीवाल्या निमॅटोडचं फारसं चालत नाही, पिल्लू आत शिरलं तरी त्याची वाढ नीट होत नाही, आणि मरीला पण ती मुळी दणकट. ही काही कालची कल्पना नाही, जपान-कोरियात भोपळ्याच्या खुंटावर कलिंगड बांधायला शंभर वर्षांपूर्वी सुरुवात झाली, आणि तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्रानं पावसाळी टोमॅटोसाठी वांग्याचे खुंट कधीचे सांगून ठेवलेत. आपल्याकडं आत्ता आत्ता नर्सऱ्या करायला लागल्यात.

आता खरेदी. २० गुंठ्यांसाठी २,२०० रोपं, १० रुपयानं, म्हणजे २२,००० रुपये. शेजारच्याच २० गुंठ्यांत तीच व्हरायटी साधी, २,९०० रोपं दीड रुपयानं, ४,३५० रुपये. कलमी झाड पसरतं म्हणून ते दोन फुटावर लावलं आणि साधं दीड फुटावर, बेड दोन्हीकडं पाच फुटाचे. दोन महिने आधी बुकिंग आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स, कारण जंगली वांग्याचं बी लवकर उगवत नाही, एकसारखं पण उगवत नाही, खुंट तयार व्हायलाच वेळ जातो. एवढं समजू शकतो. पण नर्सरीवाल्यांनी रोपं ११ दिवस उशिरा दिली आणि उशीर होणार हे आधी कळवलं नाही, मी तारखेला गाडी घेऊन गेलो तेव्हा सांगितलं. बेड तयार, पेपर अंथरलेला, मजूर सांगून ठेवलेले. वर ट्रेमध्ये ६४ रोपं जोडापाशी मोडलेली किंवा सुकलेली निघाली, त्यातली ४० बदलून दिली आणि बाकीची तुमच्या वाहतुकीत गेली म्हणाले. दहा रुपयाचं रोप आहे, शेतकऱ्यानं घरी जाऊन मोजायच्या आधी नर्सरीनं मोजून द्यायला पाहिजे. फोन मात्र नंतर प्रत्येक वेळी उचलला, ते पण लिहितो. लागणीनंतर त्यांचा मुलगा एकदा येऊन प्लॉट बघून गेला आणि त्यानं सांगितलेल्या एका गोष्टीनं माझं पीक वाचलं, ती पुढं येतेच.

साधी रोपं १२ फेब्रुवारीला लागली, कलमी २३ ला. म्हणजे तुलना एकदम बरोबरीची नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिला महिना मी निराश होतो. साधा प्लॉट धावत होता आणि कलमी रोपं तिथल्या तिथं. आई रोज म्हणायची, एवढे पैसे घालून हे काय आणलं. कलमी झाड आधी मुळी करतं, वर नंतर येतं. त्यात खालून खुंटाचे फुटवे यायला लागले, पान वांग्याचं, देठाला बारीक काटे, लगेच ओळखू येतं. ते काढलेच पाहिजेत नाहीतर वर टोमॅटो राहतो बाजूला आणि खाली वांगं माजतं. तीन वेळा बायका लावून काढून घेतले. नर्सरीच्या मुलानं सांगितलेली गोष्ट इथली. आमच्या माणसांनी सवयीप्रमाणं रोप खोल लावून माती ओढली होती, टोमॅटोला आपण ओढतोच, खोडाला जास्त मुळ्या फुटाव्यात म्हणून. कलमीला तेच विष. जोड मातीच्या वर दोन-तीन इंच उघडी राहिली पाहिजे, ती बुडाली की वरच्या टोमॅटोच्या खोडाला स्वतःच्या मुळ्या फुटतात, त्या मातीत जातात आणि निमॅटोडला हवं तेच मिळतं. मग काय, कलमाचे पैसे पाण्यात. दोन दिवस बसून २,२०० झाडांची माती हातानं मागं केली. तरी काही राहिलीच, त्यांचं काय झालं ते पण सांगतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साध्या तुकड्यात दुपारची माना टाकायची खेळी सुरू झाली, मागच्या वर्षी जिथं ठिकाण होतं बरोबर तिथून. मुळाशी औषध ओतायचं, ड्रेंचिंग, ते केलं, दोन वेळा मिळून ४,८०० रुपये गेले. कलमी तुकडा त्याच उन्हात, त्याच विहिरीच्या पाण्यावर दुपारी दोनला ताठ उभा. बांधावर उभं राहून दोन्हीकडं बघितलं की शाळेतल्या पोराला पण कळलं असतं. आण्णा तेव्हापासून पाहुण्यांना मुद्दाम दुपारीच रानात न्यायचे.

तोटे. पहिला तोडा साध्याच्या मानानं १२-१३ दिवस मागं पडला. पहिल्या तीन तोड्यांत फळाच्या बुडाला काळा डाग, कॅल्शियम कमी पडल्यावर येतो तो. वांग्याच्या खुंटावरच्या टोमॅटोला हा त्रास जास्त होतो हे मला आधी कुणी सांगितलं नाही, नर्सरीनं पण नाही, सांगायला पाहिजे होतं. जवळपास ३० कॅरेटचा माल फेकला. कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून वाढवलं, पाणी रोज थोडं थोडं केलं, एक दिवस कोरडं एक दिवस गच्च असं बंद केलं, तेव्हा आटोक्यात आलं. फळाचा साईज पण सुरुवातीला जरा बारीक, नंतर सुधारला. चवीत, कडकपणात, रंगात फरक नाही, व्यापाऱ्यानं कधी विचारलं नाही की हा माल वेगळा का.

साधा तुकडा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपला, ४१० कॅरेट. कलमी जुलैच्या मध्यापर्यंत तोडत होतो, ६९० कॅरेट, फेकलेला माल सोडून, वीस किलोचं कॅरेट. रेट साध्याला सरासरी २१० पडला आणि कलमीला २६०, कारण शेवटचे पाच आठवडे मार्केट सुधारलं आणि आमच्याकडं माल होता. म्हणजे ८६,१०० आणि १,७९,४००. रोपांचे जास्तीचे १७,६५०, फुटवे काढायची मजुरी, कॅल्शियम, जास्तीच्या मालाची तोडणी-वाहतूक सगळं वजा करून पण चांगलं राहिलं. पण एक ध्यानात घ्या, रेट १०० च्या खाली बसला असता तर जास्तीच्या २८० कॅरेटमधून रोपांचे पैसे आणि तोडणी निघून हातात फार काही उरलं नसतं. रेटची गॅरंटी कलम देत नाही, झाड जास्त दिवस उभं राहील एवढीच देतं. मार्केटला जायला दिवस मिळतात, तेच विकत घेतोय आपण.

आता काल उपटलेल्या मुळ्या. साध्या तुकड्यातली मुळी म्हणजे आल्याचा गड्डा, जाड, वेडीवाकडी, कुजकट, पांढरी मुळी नावाला नाही. कलमी तुकड्यातली वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडं धुऊन बघितली. १३ एकदम स्वच्छ, झिपऱ्यासारख्या मुळ्या. पाच झाडांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुरळक गाठी. आणि दोन झाडांवर गाठीच गाठी, नीट बघितलं तर त्या दोन्हींची जोड मातीत गेलेली होती आणि गाठी होत्या त्या वरून फुटलेल्या टोमॅटोच्या मुळ्यांवर, खालच्या वांग्याच्या मुळीवर जवळपास नाहीत. एकाच झाडावर दोन मुळ्या, एक सुजलेली आणि एक चांगली. ते बघून आण्णा काही वेळ बोललेच नाहीत. मी फोटो काढून ठेवलेत, कुणाला बघायचे असतील तर घरी या.

म्हणजे निमॅटोड रानातून गेलेला नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण विकणारे हे सांगत नाहीत. त्या पाच झाडांवरच्या गाठींत अंडी आहेतच. कलम म्हणजे छत्री आहे, पाऊस थांबत नाही त्यानं. दरवर्षी त्याच रानात तोच खुंट लावत राहिलो तर कधीतरी त्यालाही दाद न देणारे निमॅटोड वाढतील, म्हणून फेरपालट सुटत नाही. आमच्या त्या दोन्ही तुकड्यांत आता झेंडू लावतोय, दसऱ्याला फूल पण मिळेल. झेंडूच्या मुळीत असं द्रव्य असतं की आत शिरलेलं पिल्लू मरतं, पण त्यासाठी झेंडू दाट पाहिजे, सगळ्या रानात पाहिजे आणि दोन-अडीच महिने उभा पाहिजे. बांधाला चार झाडं लावून निमॅटोड जात नाही, ती शोभा झाली. पुढं एप्रिल-मेमध्ये एक तुकडा पडीक ठेवून, भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिक पसरून सहा आठवडे तापवायचा विचार आहे.

कुणी घ्यावं आणि कुणी नाही. तुमच्या रानात गाठी नाहीत आणि मर नाही, तर माझ्या मते दहा रुपयाचं रोप घेऊ नका, साधंच लावा. आधी जुन्या पिकाचं झाड उपटून मुळी बघा, पैसे लागत नाहीत. खात्री करायची असेल तर तुकड्यात सहा-सात ठिकाणची मुळीजवळची माती, वीतभर खोलीवरची, ओलसर, आणि थोडी बारीक मुळी एका पिशवीत, सावलीत ठेवून तपासायला न्या, गाडीच्या डिकीत उन्हात तापवू नका, किडे मरतात आणि रिपोर्ट खोटा येतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारी माणसं आहेत, आपल्याला नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, विचारा. आणि शेजारी पेरूची बाग करत असेल तर त्याला सांगा की मातीच्या पिशवीतलं रोप आणायच्या आधी एक-दोन पिशव्या फाडून मुळी बघ. पेरूवर जी एंटेरोलोबी नावाची गाठीवाली जात पसरतेय तिच्यापुढं टोमॅटोतला तो एमआय जीन अजिबात चालत नाही, तिला रानात आणली तर सगळ्यांनाच भोगावं लागेल. भाड्याचा रोटाव्हेटर बाधित रानातून आला असेल तर फाळ धुतल्याशिवाय आत घेऊ नका, आम्ही आता घेत नाही, ड्रायव्हर कुरकुर करतो, करू दे.

रोपांना माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला बुडाच्या काळ्या डागासाठी आणि किमतीसाठी. नर्सरीला अडीच, उशीर आणि मोजणीसाठी, नाहीतर मुलानं दिलेल्या त्या भेटीसाठी चार दिले असते. पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग केलंय, ह्या वेळी ३० गुंठ्यांचं, आणि तारीख चुकली तर ॲडव्हान्स परत असं पावतीवर लिहून घेतलंय.

उपटलेल्या मुळ्या बांधावर वाळत घातल्यात. साध्या तुकड्यातल्या मुळ्या शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका असं मजुरांना दोनदा सांगावं लागलं. उद्या सकाळी वारा पडलेला असतानाच जाळून टाकतो.